लिनक्सची साठवण, लेखांक ९ : ‘एफएससीके’ चालवल्यानंतर

वीज अचानक गेल्यामुळे किंवा डिस्क कमकुवत झाल्यामुळे फाइलसिस्टिममधल्या नोंदी परस्परांशी जुळेनाशा झाल्या, की लिनक्स सुरू होतानाच अडते आणि एफएससीके हाताने चालवा असे सांगून ‘इनिट-रॅम-एफएस’ या केवळ स्मृतीत राहणाऱ्या तात्पुरत्या व्यवस्थेत थांबते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी हे साधन ‘-वाय’ या पर्यायासह, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला आगाऊ होकार देऊन, चालवले जाते. शेकडो ओळी भराभर वर सरकतात, फाइलसिस्टिममध्ये बदल केल्याची सूचना येते, यंत्र पुन्हा सुरू केले जाते आणि मग ध्यानात येते, की काही सेवा उठत नाहीत, काही फाइली जागेवर नाहीत आणि काही आहेत तर त्यांच्यात भलताच मजकूर आहे. जर्नल, म्हणजे बदल प्रत्यक्षात उतरवण्याआधी ठेवली जाणारी त्याची नोंद, कोणत्या अपघातांपासून वाचवते हे मागील लेखांकात आले आहे. प्रस्तुत लेखांकात दुरुस्तीनंतर उघडी पडणारी ही पडझड कशी तपासावी, याचा विचार मुख्यतः ‘ईएक्सटी४’ या फाइलसिस्टिमच्या संदर्भात केला आहे.

दुरुस्तीच्या साधनानेच नुकसान केले, ही या प्रसंगीची नेहमीची तक्रार असते आणि ती निम्मी खरी असते. एफएससीके हा कार्यक्रम मूळचा युनिक्सवरचा, 1970च्या दशकात टेड कोवाल्स्की यांनी लिहिलेला. ईएक्सटी घराण्यासाठी थिओडोर त्सो यांनी लिहिलेला त्याचा अवतार म्हणजे ‘ई२एफएससीके’. त्याने दिलेले वचन मुळातच मर्यादित आहे. फाइलसिस्टिमच्या नोंदी, ज्यांना मेटाडेटा म्हणतात, एकमेकींशी सुसंगत करून देणे एवढेच त्याचे काम. फाइलींतल्या मजकुराकडे तो पाहतही नाही. सातबाऱ्यावरची नावे, क्षेत्र आणि हद्दी यांचा मेळ तलाठ्याने बसवून दिला म्हणून शेतात पीक उभे आहे की नाही हे त्या उताऱ्यावरून कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. विसंगती मिटवण्याचे दोन मार्ग असतील, तर ज्याने रचना निश्चितपणे सुरक्षित होईल तो मार्ग हे साधन सुचवते. आणि निकामी नोंद पुसून टाकणे हा रचनेच्या दृष्टीने बहुधा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. ‘-वाय’ देणाऱ्याने या पुसण्याला संमती दिलेली असते.

ही पुसापुशी कशी घडते हे समजण्यासाठी साधनाच्या पाच फेऱ्यांपैकी पहिल्या चार नीट पाहाव्या लागतात. पहिल्या फेरीत प्रत्येक आयनोड तपासला जातो. आयनोड म्हणजे फाइलीचा मालक, परवानग्या, आकार, वेळा आणि तिचे ब्लॉक कुठे आहेत याची माहिती धरणारी छोटी नोंद. फाइलीचे नाव मात्र तिच्यात नसते, ते ज्या डिरेक्टरीत फाइल आहे त्या डिरेक्टरीच्या मजकुरात असते. दुसऱ्या फेरीत डिरेक्टऱ्यांचा मजकूर तपासून, अस्तित्वात नसलेल्या आयनोडांकडे बोट दाखवणारी नावे काढून टाकली जातात. तिसऱ्या फेरीत मुळाशी नाते तुटलेल्या डिरेक्टऱ्या आणि चौथ्या फेरीत कोणत्याच डिरेक्टरीत नाव नसलेल्या फाइली हुडकून, त्या सर्वांना ‘लॉस्ट+फाउंड’ या राखीव डिरेक्टरीत आयनोडच्या क्रमांकाने नोंदवले जाते. पाचवी फेरी मोकळ्या जागेच्या हिशेबाची असून तिच्यातली तफावत सहसा निरुपद्रवी असते.

आता आयनोडांच्या तक्त्यातला एकच ब्लॉक खराब झाला असे धरावे. ब्लॉक 4096 बाइटांचा आणि आयनोड 256 बाइटांचा असेल, आणि ईएक्सटी४ मध्ये सामान्यतः तसेच असते, तर त्या एका ब्लॉकमध्ये 16 आयनोड मावतात, म्हणजे 16 फाइली किंवा डिरेक्टऱ्या एका फटक्यात जातात. त्यांपैकी एखादा आयनोड मोठ्या डिरेक्टरीचा असेल, तर तिच्यात थेट असलेल्या फाइलींची नावे कायमची नष्ट होतात, कारण ती नावे त्या डिरेक्टरीच्याच मजकुरात होती आणि तिथवर पोचण्याची वाट आता उरलेली नाही. तिच्या उपडिरेक्टऱ्यांचे मात्र केवळ स्वतःचे नाव जाते, त्यांच्या पोटातले सर्व काही नावांसकट शाबूत राहते. दुरुस्तीनंतर काय परत मिळण्याजोगे आहे, याचा अंदाज या एका भेदावरून पुष्कळसा बांधता येतो.

तपासाची पहिली पायरी म्हणजे त्या फाइलसिस्टिमवर आणखी काहीही न लिहिणे. पुसलेल्या आयनोडांचे ब्लॉक आता मोकळे गणले जात असल्यामुळे, यंत्र नेहमीसारखे चालू ठेवले तर नव्या लॉगफाइलीसुद्धा जुन्या मजकुरावर बसू शकतात. म्हणून यंत्र बाहेरच्या माध्यमावरून सुरू करावे, मूळ विभाग जोडू नये आणि त्याची संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर काढावी. त्यासाठी साध्या ‘डीडी’पेक्षा ग्नूचे ‘डीडीरेस्क्यू’ श्रेयस्कर, कारण ते वाचता येणारा भाग आधी उचलते, अवघड भागाकडे नंतर वळते आणि काय वाचले, काय राहिले याची नोंद एका फाइलीत ठेवत असल्याने मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येते. पुढचे सर्व प्रयोग या प्रतिमेच्या प्रतीवर करावेत. ई२एफएससीकेला ‘-झेड’ हा पर्याय दिल्यास तो बदलण्यापूर्वीचे ब्लॉक वेगळ्या फाइलीत राखून ठेवतो आणि ‘ई२अनडू’ने ते परत बसवता येतात, दुर्दैवाने ही सोय पहिल्या, घाईच्या वेळी फारच थोड्यांच्या लक्षात असते.

डिस्कची प्रकृतीही याच टप्प्यावर पाहावी. ‘स्मार्टसीटीएल’ने दाखवलेल्या गुणधर्मांपैकी 5, 197 आणि 198 हे क्रमांक महत्त्वाचे आहेत: अनुक्रमे बदलून घेतलेली सेक्टरे, निर्णयाची वाट पाहणारी संशयित सेक्टरे आणि वाचता न आलेली सेक्टरे. क्रमांक 199 वाढत असेल तर दोष चकतीत नसून बहुधा केबलमध्ये आहे, आणि केबल स्वस्त असते.

त्यानंतर साधन नेमके काय बोलले हे वाचावे. हाताने चालवलेल्या एफएससीकेचे निवेदन आपोआप कुठेही जतन होत नाही, ही मोठीच गैरसोय आहे. पडद्याचे छायाचित्र घेतले असेल तर तेच कागदपत्र समजावे. निवेदन हाती असेल तर त्यातली भयंकर वाटणारी पण निरुपद्रवी वाक्ये आधी बाजूला काढावीत. अनाथ आयनोड साफ केल्याची सूचना म्हणजे वीज गेली त्या क्षणी उघड्या असलेल्या पण नाव आधीच काढलेल्या तात्पुरत्या फाइली होत. मोकळ्या ब्लॉकांची संख्या चुकल्याची सूचनाही तशीच. याउलट बेकायदा ब्लॉक असलेला आयनोड साफ केला, डिरेक्टरीतील अमुक नाव न वापरलेल्या आयनोडकडे जात होते म्हणून काढले, किंवा एकच ब्लॉक अनेक आयनोडांनी आपला म्हटला आहे, ही वाक्ये खऱ्या नुकसानीची आहेत. या तिन्हींपैकी दुसऱ्या वाक्यात हरवलेल्या फाइलीचे नाव व ठिकाण छापलेले असते, त्यामुळे बॅकअपमधून काय आणायचे याची आयती यादीच तयार होते.

साधनाचा निर्गमनांकही अर्थपूर्ण असतो. 1 म्हणजे चुका दुरुस्त झाल्या, 2 म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करणे आवश्यक, 4 म्हणजे चुका शिल्लक, 8 म्हणजे साधनालाच काम करता आले नाही. एकाहून अधिक गोष्टी घडल्यास अंकांची बेरीज मिळते, म्हणजे 3 आला तर पहिल्या दोन्ही. यातला 2 दुर्लक्षित राहिल्याने पुष्कळ अनर्थ होतात. मूळ फाइलसिस्टिम केवळ वाचनासाठी जोडलेली असताना तिची दुरुस्ती झाली, तर डिस्कवरच्या नोंदी नव्या आणि कर्नलच्या स्मृतीतल्या जुन्या, अशी स्थिती असते; तिथून यंत्र पुन्हा सुरू न करता तीच फाइलसिस्टिम लेखनासाठी खुली केली, तर कर्नल जुन्या नोंदी नव्यांवर लिहून मोकळा होतो. लेखनासाठी जोडलेल्या फाइलसिस्टिमवर ई२एफएससीके चालवणे म्हणजे याच अनर्थाला उघड आमंत्रण, आणि म्हणूनच ते साधन अशा वेळी मोठ्या अक्षरांत धोक्याचा इशारा देते. काहीच न बदलणारा ‘-एन’ पर्याय देऊन चालू फाइलसिस्टिम तपासली, तर हानी होत नाही, पण तेव्हा दिसणाऱ्या चुका बऱ्याचदा खोट्या असतात.

खरे चिकाटीचे काम लॉस्ट+फाउंडमध्ये आहे. बिघडलेल्या फाइलसिस्टिमवर नवी जागा मागण्याची वेळ साधनावर येऊ नये म्हणून ही डिरेक्टरी आधीच तयार करून ठेवलेली असते. तिचा आयनोड क्रमांक सहसा 11 असतो. तिथे ‘#’ या चिन्हापुढे क्रमांक असलेली शेकडो नावे दिसतात. नाव गेले तरी मालक, परवानग्या आणि अखेरच्या बदलाची वेळ आयनोडमध्ये असल्याने ती शिल्लक असतात, आणि तपासाचा पहिला धागा तोच. मालकानुसार व तारखेनुसार वर्गवारी केली, की डेबियनवर वापरकर्ता क्रमांक 33 असलेल्या फाइली वेब सर्व्हरच्या, एखाद्या डेटाबेसच्या वापरकर्त्याच्या त्या डेटाबेसच्या, अशी रास विभागली जाते. ‘फाइल’ ही आज्ञा आशयाच्या आरंभीच्या बाइटांवरून प्रकार ओळखते. आधी डिरेक्टऱ्या पाहाव्यात, कारण त्यांच्या पोटातली नावे शाबूत असतात: ‘पीजी_व्हर्जन’ नावाची फाइल आणि ‘बेस’ ही उपडिरेक्टरी दिसली तर ते पोस्टग्रेस्क्यूएलचे घर, ‘हेड’, ‘ऑब्जेक्ट्स’ आणि ‘रेफ्स’ एकत्र दिसले तर ते गिटचे भांडार. गिटमध्ये तर प्रत्येक वस्तूचे नाव तिच्या आशयाच्या गणिती ठशावरूनच ठरत असल्याने, नाव पुसलेली वस्तूसुद्धा स्वतःचे नाव सांगू शकते.

सुट्या फाइलींबाबत डेबियन व उबुंटूवर एक उपयुक्त युक्ती आहे. तिथला पॅकेज-व्यवस्थापक ‘डीपीकेजी’ बसवलेल्या जवळपास प्रत्येक पॅकेजमागे एक यादी ठेवतो, जिच्यात प्रत्येक फाइलीचा मार्ग आणि तिचा एमडी५ ठसा असतो. लॉस्ट+फाउंडमधल्या फाइलींचे ठसे काढून या याद्यांशी पडताळले, की कोणती फाइल कुठली हे अचूक कळते, आणि जुळलेल्या फाइलीचा आशयही अखंड असल्याची खात्री त्याच वेळी पटते. संरचना-फाइलींचे ठसे या याद्यांत नसून मुख्य स्थितिफाइलीत असतात. ती फाइलच गेली असेल, तर ‘/व्हार/बॅकअप्स’ मध्ये तिच्या मागील प्रती शोधाव्यात. अर्थात पॅकेजांतल्या फाइली पुन्हा बसवणे सोपे असल्याने या पडताळणीचा खरा लाभ उलट दिशेचा आहे: ज्या जुळल्या त्या वगळल्या, की मागे उरतो तो वापरकर्त्याचा स्वतःचा, कुठूनही पुन्हा न मिळणारा ऐवज, आणि श्रम त्यावरच खर्च करावेत.

एकच ब्लॉक दोन फाइलींनी आपला म्हणणे, हा सर्वांत फसवा प्रकार आहे. हक्क कोणाचा खरा हे ठरवण्याचे साधन ई२एफएससीकेजवळ नसते, म्हणून ते त्या ब्लॉकची स्वतंत्र प्रत करून दोघांनाही एकेक देते. रचना निर्दोष होते, दोन्ही फाइली उघडतात, आकारही बरोबर भरतो, परंतु त्यांपैकी निदान एकीच्या मध्यभागी दुसरीचा मजकूर घुसलेला असतो. निवेदनात अशा फाइलींची नावे येतात. ती प्रत्येक फाइल तिच्या प्रकाराला योग्य अशा साधनाने तपासल्याशिवाय विश्वसनीय मानू नये. एसक्यूलाइटच्या फाइलीवर अखंडता-तपासणीची त्याची स्वतःची आज्ञा चालवता येते, संक्षेपित संग्रहांना स्वतःचा ठसा असतो; साध्या मजकुराच्या फाइलीला असे काहीच नसते आणि ती डोळ्यांनीच वाचावी लागते.

शून्य बाइटांच्या फाइली हा निराळाच मामला असून त्याचे खापर एफएससीकेवर विनाकारण फुटते. ईएक्सटी४ ब्लॉकांची वाटणी शक्य तितकी लांबवते, त्यामुळे फाइल नव्याने लिहिली गेली पण मजकूर डिस्कवर पोचण्याआधी वीज गेली, तर नाव राहते आणि आशय राहत नाही. 2009 मध्ये यावरून मोठा वाद झाला, त्सो यांनी फाइल बदलण्याचे नेहमीचे प्रघात ओळखून वाटणी तत्काळ करणारी दुरुस्ती केली आणि ती कर्नलच्या 2.6.30 या आवृत्तीत आली. तरीही मजकूर डिस्कवर उतरवण्याची स्पष्ट विनंती न करणाऱ्या कार्यक्रमांच्या बाबतीत हा धोका पूर्णपणे टळलेला नाही.

सर्व आवरल्यावर ‘-एफ’ पर्यायाने सक्तीची तपासणी पुन्हा करावी आणि निर्गमनांक 0 येतो का ते पाहावे. या दुसऱ्या तपासणीत, मधे काहीही लिहिले गेलेले नसताना, नव्या चुका निघाल्या तर त्यांचा उगम फाइलसिस्टिममध्ये नाही. डिस्क, केबल किंवा स्मृतीचिप यांपैकी काहीतरी खोटे बोलत आहे, आणि ‘मेमटेस्ट८६+’ रात्रभर चालवल्याखेरीज तिसरी दुरुस्ती करणे म्हणजे सदोष स्मृतीतून निघालेले निर्णय डिस्कवर कोरणे होय.

वरील विवेचन जसेच्या तसे इतर फाइलसिस्टिमांना लावता येत नाही. एक्सएफएससाठी असलेला एफएससीके जाणीवपूर्वक काहीच करत नाही आणि खरी दुरुस्ती ‘एक्सएफएस_रिपेअर’ करते. त्याचा ‘-एल’ हा पर्याय जर्नलमधले न उतरवलेले बदल सरळ शून्य करतो, म्हणून फाइलसिस्टिम जोडून ते बदल उतरवून घेण्याचा प्रयत्न फसल्यावरच तो वापरायचा असतो. बीटीआरएफएसच्या दुरुस्ती-आज्ञेबाबत तर तिच्या अधिकृत पुस्तिकेतच, जाणकाराच्या सल्ल्याशिवाय ती वापरू नये, असे बजावले आहे. या दोहोंची अंतर्रचना आणि तिच्यानुसार बदलणारी तपासाची पद्धत हा पुढील लेखांकाचा विषय आहे.