फेनेरमध्ये बायझंटाइन किती?

शाळेच्या इतिहासात कॉन्स्टँटिनोपल एकदाच भेटतं. १४५३ साली तुर्कांनी ते जिंकलं, व्यापाराचा खुश्कीचा मार्ग अडला, विद्वान पोथ्या घेऊन इटलीला गेले, आणि धडा वास्को द गामाकडे वळला. हल्ली त्याच शहराला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, जाणारी मराठी मंडळी वाढली आहेत. आयासोफिया आणि ग्रँड बझार उरकला की गाइड त्यांना गोल्डन हॉर्न या खाडीच्या दक्षिण काठावर, जुन्या तटाच्या आतल्या फेनेर आणि बालात या जोडवस्त्यांत नेतो. चढाच्या गल्ल्या, रंगीत घरं, वर लाल विटांची दणदणीत इमारत. ‘हा बायझंटाइन काळातला’, म्हणजे तुर्कांच्या आधीच्या ख्रिस्ती साम्राज्याच्या काळातला, ‘मोहल्ला,’ असं सांगितलं जातं आणि फोटो निघतात. फोटो छान येतात, पण सांगितलेल्यातलं निम्मं तपासून घ्यावं असं असतं.

सुरुवात त्या लाल इमारतीपासूनच करू. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे सर्वांत मानाचे धर्मगुरू, म्हणजे पॅट्रिआर्क, तिथे राहतात असं बहुतेकांना वाटतं. मुळात ती शाळा आहे. वास्तुकार कॉन्स्टँटिनोस दिमादिस यांनी १८८१ ते १८८३ या काळात ती बांधली. संस्था जुनी आहे, इमारत नाही. पॅट्रिआर्कचं खरं ठाणं खाली, रस्त्यालगतच्या आवारात आहे, आणि तिथलं संत जॉर्जचं चर्च बाहेरून इतकं साधं आहे की लोक समोरून निघून जातात. त्याला घुमट नाही. ऑटोमन तुर्कांच्या अमलात ख्रिस्ती देवळांवर घुमट चढवायला दीर्घकाळ मनाई होती, त्याची ती खूण.

पॅट्रिआर्कही इथे बायझंटाइन काळापासून नाहीत. १४५३ पर्यंत त्यांचं आसन आयासोफियात होतं. शहर पडल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी १४५४ मध्ये, सुलतान दुसऱ्या मेहमेदने गेनादियोस या विद्वान साधूला पॅट्रिआर्क नेमलं आणि ‘पवित्र प्रेषितांचं चर्च’ दिलं. १४५६ मध्ये मुक्काम पम्माकारिस्तोस चर्चमध्ये हलला. १५८७ मध्ये तेही सोडावं लागलं, पुढे त्याची मशीद झाली. आणखी दोन ठिकाणी बिऱ्हाड हलवून पॅट्रिआर्क फेनेरमध्ये स्थिरावले ते १६०० च्या सुमारास. म्हणजे ज्या आसनामुळे फेनेरला ‘बायझंटाइन’ म्हणतात ते आसन साम्राज्य बुडाल्यावर दीडशे वर्षांनी इथे आलं.

पॅट्रिआर्क म्हणजे ‘ऑर्थोडॉक्स पोप’ हेही खरं नाही. इतर ऑर्थोडॉक्स चर्चप्रमुखांमध्ये त्यांचा मान पहिला, हुकूम मात्र त्यांच्यावर चालत नाही.

आता तटाची गोष्ट. कॉन्स्टँटिनोपलचा तट हजार वर्षं अभेद्य राहिला आणि मेहमेदच्या तोफांनीच तो पहिल्यांदा फोडला, हे इतक्या वेळा लिहिलं गेलंय की खरंच वाटतं. जमिनीच्या बाजूचा पाचव्या शतकातला तिहेरी तट, पुढे खंदक, याबद्दल ते बरंचसं बरोबर आहे. खाडीच्या बाजूला मात्र एकेरीच तट होता. भरवसा होता तो खाडीच्या तोंडाशी ओढलेल्या साखळीवर. १२०३ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाचे सैनिक आणि व्हेनिसचं आरमार आलं, पलीकडचा गलाता बुरूज घेतला, साखळी निकामी झाली आणि जहाजं आत शिरली. १२०३ आणि १२०४, दोन्ही वर्षी मारा झाला तो नेमका याच, फेनेर आणि आसपासच्या पट्ट्यावर. या भागाला तेव्हा पेत्रियोन म्हणत. १७ जुलै १२०३ ला व्हेनिसच्या लोकांनी एका दमात पंचवीस बुरूज घेतले. त्यांचा प्रमुख दांदोलो म्हातारा आणि आंधळा होता, तरी मला आधी किनाऱ्यावर उतरवा म्हणून हटून बसला.

निर्णायक दिवस १२ एप्रिल १२०४. रोबेर द क्लारी नावाचा एक साधा, गरीब सरदार त्या फौजेत होता आणि त्याने फ्रेंचमध्ये सगळं लिहून ठेवलं. तटात एक छोटी चोरदिंडी होती, विटांनी बुजवलेली. वरून दगड आणि उकळतं डांबर पडत असताना काही जणांनी डोक्यावर ढाली धरून कुऱ्हाडी-पहारींनी तिला भोक पाडलं. भोकातून पाहिलं तर आत माणसंच माणसं. शिरायला कुणी धजेना. तेव्हा रोबेरचा भाऊ आलोम पुढे झाला. हा पेशाने पाद्री. रोबेर सांगतो, मी नको नको म्हणत त्याचा पाय धरून मागे ओढत होतो, तरी तो सरपटत आत गेला आणि सुरा उपसून समोरच्यांवर धावला. ते पळाले. पुढचे तीन दिवस शहर लुटलं गेलं. लुटणारे ख्रिस्तीच होते, आणि पुढची सत्तावन्न वर्षं शहर त्यांच्याच ताब्यात राहिलं. शहराचे जुने धर्मगुरू संत जॉन क्रिसोस्टोम यांचे अवशेष याच लुटीत रोमला गेले असं मानतात. नोव्हेंबर २००४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ते परत दिले. आज ते फेनेरच्या त्या बिनघुमटाच्या चर्चमध्ये आहेत. १४५३ ची जखम सगळ्यांना ठाऊक असते, १२०४ ची खुद्द ऑर्थोडॉक्स लोकांच्या मनात असते.

मग इथे खरोखर बायझंटाइन काही आहे का? आहे, पण ते शोधावं लागतं. लाल शाळेजवळच्या गल्लीत ‘मंगोलांची संत मारिया’ नावाचं बुटकं चर्च आहे. सम्राट आठव्या मायकेलने आपली अनौरस मुलगी मारिया १२६५ मध्ये इराणच्या मंगोल खानाशी, हुलागूशी लग्न लावायला पाठवली. ती पोचायच्या आत हुलागू मेला, तेव्हा तिचं लग्न त्याच्या मुलाशी, अबाकाशी लावलं. तो १२८२ मध्ये वारल्यावर ती माहेरी परतली आणि इथला मठ तिने नव्याने उभा केला. शहरातल्या बायझंटाइन चर्चांपैकी कधीच मशीद न झालेलं आणि अजून ग्रीकांकडेच असलेलं हे एकच. खुद्द मारिया पाहायची असेल तर वर कारिये या जुन्या बायझंटाइन चर्चकडे जावं. तिथल्या मोझेइकमध्ये ती ख्रिस्ताच्या पायाशी आहे.

फेनेरचे गडगंज ग्रीक, ज्यांना फनारिओट म्हणतात, ते जुन्या सम्राटांचे वंशज, असाही एक समज आहे. तो त्यांनीच हौसेने पसरवला असं मला वाटतं. त्यांच्यातलं सर्वांत नामांकित मावरोकोर्दातोस घराणं खिओस बेटावरून आलेलं.  यातला अलेक्झांडर, ज्याचं आजोळ सरकारी मांसपुरवठ्याच्या ठेकेदाराचं, इटलीत वैद्यक शिकला, रक्ताभिसरणावर प्रबंध लिहिला, आणि १६७३ मध्ये सुलतानाचा मुख्य दुभाषा झाला. पद नावाला दुभाष्याचं, काम परराष्ट्र खात्याचं: १६९९ च्या कार्लोविट्झ तहाच्या वाटाघाटींत तोच होता. १७११ पासून मोल्दाविया आणि थोड्याच काळात वलाखिया या प्रांतांची गादीही सुलतान याच घराण्यांना देऊ लागला, अर्थात भरपूर पैसे मोजून घेऊन. १८२१ मध्ये ग्रीकांचा उठाव झाला आणि हा कारभार संपला. त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी पॅट्रिआर्क पाचवे ग्रेगरी यांना त्यांच्याच आवाराच्या मधल्या दरवाजाला फाशी दिलं. तो दरवाजा तेव्हापासून बंद आहे. येजा बाजूच्या दारांनी चालते.

शेजारच्या बालातमध्ये ज्यूंची वस्ती होती; ते १४९२ मध्ये स्पेनमधून आले, हे अर्धसत्य. स्पेनचे लोक आले आणि पुढे त्यांचीच भाषा चालली, पण त्याआधी मेहमेदने ओस पडलेलं शहर भरायला बाल्कन आणि आनातोलियातून ग्रीक बोलणारे ज्यू आणून वसवले होते. १४७७ च्या नोंदीत ज्यूंची दीड हजारांहून जास्त घरं आहेत. बालातचं अहरिदा सिनेगॉग मॅसिडोनियातल्या ओह्रिदहून आलेल्यांचं.

ग्रीकांची गळतीही १४५३ मध्ये झाली नाही. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीतून इस्तंबूलचे ग्रीक वगळले होते, तेव्हा ते लाखभर होते. १९४२ चा संपत्तीकर, सप्टेंबर १९५५ ची ग्रीकविरोधी दंगल आणि १९६४ ची हकालपट्टी यांनी त्यांना पार संपवत आणलं. आता शहरात दोन-तीन हजार उरलेत.

राहता राहिली रंगीत घरं. ती बहुतांश एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. युरोपीय संघाच्या पैशातून २००३ ते २००८ दरम्यान त्यातल्या काहींची डागडुजी झाली. भडक रंग बराचसा नंतरच्या कॅफेवाल्यांचा. घरांत राहणारे मुख्यतः काळ्या समुद्राकडच्या प्रांतांतून, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोटापाण्यासाठी आलेल्या मुसलमान कुटुंबांचे लोक. पर्यटक ‘जुना ग्रीक मोहल्ला’ म्हणून जे टिपतात, त्या गल्लीच्या आरपार दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे त्यांचे असतात, आणि कॅफेंमुळे वाढलेलं भाडंही त्यांनाच भरावं लागतं.