सुनेबरोबर आलेली चाल

वाशिमहून पुसदकडे निघालं की वाटेत अनसिंग लागतं. बाजाराचं गाव, शिवारात कापूस, तूर आणि हल्ली जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. १९९८ साली वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, पण सोयरीक जुळवताना जिल्ह्याची हद्द कुणी विचारत नाही. एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला हिंगोली, म्हणजे मराठवाडा. मुली तिकडे नांदायला जातात, सुना तिकडून येतात. लोकगीतं घरात कशी मुरली हे पाहायचं तर आधी या सोयरिकींच्या वाटा पाहाव्यात. गाणी याच वाटांनी फिरली आहेत.

वऱ्हाडात याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई माहेरी येते आणि कोजागरीपर्यंत राहते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी. शंकर-पार्वतीच ती, पण गाण्यांत त्यांचं देवपण फारसं उरत नाही. पार्वती सासुरवाशीण होते आणि शंकर जावई. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघरी जमून टिपऱ्यांवर किंवा टाळ्यांवर गाणी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात हत्तीच्या चित्राभोवती भोंडल्याचा फेर धरतात, खानदेशात गुलाबाई बसते. ही सगळी एकाच गोतावळ्यातली. गाणी संपली की खिरापत ओळखायची. डबा हलवून दाखवायचा, आंबट की गोड ते विचारायचं, आणि कुणालाच ओळखता येऊ नये असा पदार्थ करणाऱ्या आईचा त्या दिवशी मोठा मान. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा राहतो आणि एक नाही, अनेक खिरापती होतात. काही घरांत तर तेहतीसचा हिशेब पाळतात.

गाण्यांतला मजकूर मात्र खेळकर म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कारल्याच्या वेलाचं गाणं बहुतेकींना ठाऊक असतं. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू सांगते, आधी कारल्याचं बी लाव. मग वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी होऊ दे. एवढं होऊनही परवानगी सासऱ्याकडे, दिराकडे, नणंदेकडे फिरत राहते. आठ-दहा वर्षांच्या मुली हे हसत हसत म्हणतात, आणि म्हणता म्हणता घरात कुणाचं चालतं हे त्यांना पाठ होतं. याला संस्काराचं गाणं म्हणायची पद्धत आहे. मला ते तक्रार-अर्ज वाटतात, चालीत बसवलेले.

या गाण्यांत नावांसाठी जागा सोडलेली असते. भावाचं नाव, गावाचं नाव, दागिन्याचं नाव जी म्हणेल ती आपलं घालते. पुसदकडून आलेली सून तिकडची कडवी आणते, हिंगोलीकडची चाल थोडी लांबवते. पहिल्या वर्षी नणंदा तिला हसतात. पुढे तिच्या मुली तिच्याच चालीत म्हणू लागतात, आणि दोन पिढ्यांनी ‘आमच्या घरचं गाणं’ म्हणून जे सांगितलं जातं ते बहुधा अशाच एखाद्या परक्या घरून आलेल्या बाईचं असतं. वंशावळीच्या वहीत मुलांची नावं उतरतात. सुनांच्या माहेराची नोंद चालीत राहते.

जात्यावर हे आणखी खोल चालायचं. पहाटे दळायला बसलेल्या बाईला ऐकणारं कुणी नसे, किंवा समोर खुंट्याला हात लावणारी जाऊ तेवढी असे. त्यामुळे चारचौघांत बोलता येणार नाही ते ओवीत यायचं. अर्धवट झोपेत, आईच्या मांडीवर डोकं ठेवून मुलांनी ते ऐकलेलं. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्री जीवन’मध्ये गोळा केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून कितीतरी पुस्तकं दिली. सगळ्यात मोठं काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांचं. मुळशी-मावळच्या डोंगरी भागातल्या बायांबरोबर १९८०च्या दशकात सुरू झालेल्या या कामातून हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आज त्या ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावात ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांमध्ये बायांनी बाबासाहेबांना भाऊ म्हणून, घरचा माणूस म्हणून गायलं आहे. भावाच्या नावाची जी जागा ओवीत रिकामी असते, तिथे भीमराव येऊन बसले. एखाद्या घराने इतिहास आपलासा केला म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

पुरुषांची गाणी घरापेक्षा वेशीत जास्त. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे टोमण्यांची गाणी, सुरू होतात. सावकार, भाव, पुढारी कुणालाच सोडत नाहीत. दरवर्षी नवी झडती जोडली जाते, आणि जुन्यांतली जी टोचते तेवढी टिकते.

वाशिम जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर वेगळंच गाणं आहे. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे या समाजाचं मोठं श्रद्धास्थान. होळीला लेंगी, आणि तीजेला अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरून रोज पाणी घालताना म्हणतात ती गाणी. लग्न होऊन निघालेली मुलगी ‘ढावलो’ गाते तेव्हा रडणं आणि गाणं वेगळं काढता येत नाही. एकेकाचं नाव घेत ती निरोप घेते. इथेही गाण्याचं काम तेच: घरातलं माणूस नावानिशी धरून ठेवायचं.

घरच्यांनी धरून ठेवलं तर काय होतं, हे शेजारच्या खानदेशाने दाखवलं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या रचत आणि गुणगुणत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी त्यातलं हाती लागलं ते उतरवून ठेवलं. १९५१ साली त्या गेल्या. मग ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. अत्र्यांचं श्रेय मोठंच, पण त्याआधी घरात कुणीतरी कान देऊन बसलं होतं. किती घरांत असं कुणीच बसलं नसेल.

गिरणी आली, जातं अंगणात उलटं पडलं, आणि त्याबद्दल हळहळायचं मला काही कारण दिसत नाही. पहाटे चारला उठून दळणं म्हणजे कष्टच होते. भुलाबाई अजून आहे, पण मंडळांच्या स्पर्धांत जास्त दिसते. तिथे सगळ्याजणी एकाच छापील पुस्तिकेतून म्हणतात. परीक्षकांना सोपं जातं. पण घरोघरची फरकाची कडवी तिथे चूक ठरतात, आणि मुलगी आजीचं कडवं सोडून पुस्तिकेतलं पाठ करते. गाणं टिकतं, घर त्यातून निघून जातं.

दिवाळीला सगळे घरी असतात, मोबाइल प्रत्येकाच्या हातात असतो. आजीचं गाणं घ्यायचं तर तिला खुर्चीवर बसवून ‘म्हण’ म्हणून उपयोग होत नाही. दोन ओळींत अडकते, लाजते, ‘आता नाही आठवत’ म्हणते. ही गाणी हातांच्या हालचालीबरोबर शिकलेली असतात. सुपात तूरडाळ द्यावी, पाखडू द्यावी, जवळपास दुसरी म्हातारी असली तर आणखी बरं, कारण एक चुकली की दुसरी खोडून काढते. त्या वादात गाणं कुठून आलं ते निघतं. सुरुवातीला नाव, माहेरचं गाव आणि गाणं कुणाकडून शिकली एवढं बोलून घ्यावं. आणि पाखडण्याचा आवाज येतो म्हणून मध्येच थांबवू नये.