हवेच्या आघाड्या

हवा सर्वत्र सारखी भासत असली, तरी ती सारखी नसते. ध्रुवाकडील हिमाच्छादित प्रदेशावर स्थिरावलेली हवा थंड व जड होते. उष्ण समुद्रावर रेंगाळलेली हवा उबदार, दमट व हलकी होते. अशा विस्तीर्ण, एकजिनसी हवेस ‘वायुराशी’ म्हणतात. दोन भिन्न वायुराशी एकत्र आल्या, तरी त्या सहसा लगेच मिसळत नाहीत. त्यांच्यामधील सीमेस ‘आघाडी’ हे नाव आहे.

हे नाव रणभूमीवरून आले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनकडून नॉर्वेला मिळणारी हवामानाची वृत्ते बंद झाली. बहुतेक वादळे पश्चिमेकडून येत आणि नेमकी तिकडचीच वार्ता कळेना. कोळी व शेतकरी यांचे जीवित आणि पीक धोक्यात आले. तेव्हा १९१७ साली बर्गेन येथे आलेले शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी पुढच्याच वर्षी देशात निरीक्षण-केंद्रांचे दाट जाळे विणले. त्या नोंदींवरून त्यांचे पुत्र याकोब यांनी १९१९ साली दाखवून दिले, की वादळातील पाऊस वाटेल तसा विखुरलेला नसून मुख्यत्वे दोन रेषांच्या आसपास पडतो.

पहिली रेषा उष्ण आघाडीची. येथे पुढे सरकणारी उबदार हवा थंड हवेच्या पाठीवर हळूहळू चढते. हा चढ इतका सौम्य असतो, की एक किलोमीटर उंची गाठण्यास तिला शंभराहून अधिक किलोमीटर अंतर लागते. वर जाताना दाब कमी होऊन हवा प्रसरण पावते, थंड होते व तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. प्रथम पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ दिसतात. मग चंद्रसूर्यांस खळे पडते. आभाळ करडे होते आणि शेवटी तासन्‌तास संथ पाऊस लागतो.

त्यानंतर हवा उबदार होते व पुष्कळदा उघडीप पडते. वादळ सरले असे वाटते; परंतु ही उघडीप फसवी असते. मागून शीत आघाडी येत असते. तिची जड हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली शिरून तिला वेगाने वर उचलते. उंच राशिमेघ उभे राहतात. सोसाट्याचा वारा व मेघगर्जनेसह सरी कोसळतात. मग वारा दिशा बदलतो, तपमान उतरते व वायुभार चढू लागतो. हा क्रम ठाऊक असलेला नाविक उघडिपीत होडी लोटत नाही.

अशा ठळक आघाड्यांना तपमानाचा मोठा फरक लागतो. म्हणून त्या समशीतोष्ण कटिबंधात विशेष आढळतात. आपल्या मोसमी पावसाचे कारण त्या नव्हेत. परंतु भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात येणारे पश्चिमी विक्षोभ याच कटिबंधातील पश्चिमी वाऱ्यांबरोबर येतात. त्यांच्यामुळे हिमालयावर बर्फ पडते आणि पंजाबातील गव्हाला पाऊस मिळतो.

आज हवामानाचे गणित संगणक करतो. तरीही नकाशावर शीत आघाडी निळ्या त्रिकोणांनी व उष्ण आघाडी तांबड्या अर्धवर्तुळांनी दाखविली जाते. त्या दोन रेषांमधील उघडीप किती काळ टिकेल, हेच नकाशा वाचणाऱ्याने प्रथम पाहावयाचे असते.