पूर्ण नाव सांगितले की दार उघडते!

चळवळीच्या वर्तमानपत्रात लहान मुलांच्या इंग्रजी सिनेमाचे काय काम, असे काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण आपली मुले पडद्यावर कोणाला जिंकताना पाहतात, हा प्रश्नही चळवळीचाच नाही काय?

२००१ साली अमेरिकेत ‘स्पाय किड्स’ हा सिनेमा आला. दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिग्ज. गोष्ट साधी आहे. कोर्टेझ नवरा-बायको एकेकाळचे गुप्तहेर, आता संसारात रमलेले. मुलांना हे ठाऊकच नाही. त्यांच्या लेखी आईबाप म्हणजे कंटाळवाणी माणसे. एक दिवस आईबाप शत्रूच्या तावडीत सापडतात आणि त्यांना सोडवायला कार्मेन आणि तिचा धाकटा भाऊ जूनी निघतात. जूनी भित्रा, हातावर चामखिळी असलेला, शाळेत पोरे त्याला छळतात. तोच पाठीला यंत्र बांधून आकाशात उडतो, अंगठ्याच्या आकाराच्या यंत्रमानवांशी झुंजतो. हसून पोट दुखते. रक्ताचे पाट नाहीत, अश्लीलता नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा असा हा सिनेमा आहे.

पण यातली खरी गंमत आडनावात आहे. कोर्टेझ कुटुंब लॅटिनो, म्हणजे अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुळाच्या समाजातले. हॉलिवूडने या समाजाला वर्षानुवर्षे माळी, मोलकरीण नाहीतर गुंड म्हणूनच दाखवले. रॉड्रिग्ज स्वतः टेक्सासमधल्या मेक्सिकन मुळाच्या, दहा भावंडांच्या घरातला. तो सांगतो की, हे कुटुंब लॅटिनोच कशाला, सरळ अमेरिकन दाखवा, असे त्याला निर्मात्यांकडून विचारले गेले. त्याचे म्हणणे असे की हे अमेरिकनच आहेत. आणि जेम्स बाँड आवडायला प्रेक्षक कुठे ब्रिटिश असावा लागतो? सुमारे ३.५ कोटी डॉलर खर्चाच्या या सिनेमाने जगभरात १४ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. २०२४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यासाठी त्याची निवड झाली.

त्यात एक प्रसंग आहे. मुले जीव वाचवत एका सुरक्षित घरापाशी पोहोचतात. दार उघडायचे तर कार्मेनने आपले पूर्ण नाव उच्चारायचे. ती आपले लांबलचक नाव, शेवटच्या कोर्टेझसकट, म्हणते आणि दार उघडते.

वाचकहो, हा प्रसंग आपल्या घरात बसून पाहा. आपल्याकडे पूर्ण नाव सांगितले की दार उघडते की बंद होते? भाड्याची खोली शोधणाऱ्याला विचारा. शहरात शिकायला गेलेल्या, नुसते पहिले नाव सांगून गप्प बसणाऱ्या पोराला विचारा.

आपल्या पडद्याने आपल्याला काय दिले? १९३६ च्या ‘अछूत कन्या’तली कस्तुरी रेल्वेखाली मरते. १९५९ च्या ‘सुजाता’तल्या मुलीला आपले रक्त द्यावे लागते, तेव्हा कुठे आई तिला पोटची मानते. म्हणजे मरा किंवा रक्त द्या, मग आम्ही कळवळा दाखवू! नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तल्या जब्याने २०१३ साली दगड भिरकावून या कळवळ्याला उत्तर दिले. तो दगड हवाच होता. त्यांच्याच ‘झुंड’मध्ये २०२२ साली नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे फुटबॉल खेळली, हसली, जयंतीत नाचली. पण एवढ्यावर भागणार नाही. अत्याचाराची गोष्ट सांगितलीच पाहिजे. परंतु आपल्या मुलाने पडद्यावर स्वतःला कायम मार खातानाच पाहायचे काय? जब्यालाही पाठीला यंत्र बांधून उडायचे असेल! कांबळे, वाघमारे नाहीतर गायकवाड आडनावाची बहीणभावंडे जगाला वाचवतात आणि त्यांची जात हा गोष्टीचा विषयच नसतो, असा धमाल सिनेमा आपल्याकडे का असू नये?

कोणी आयता आणून देणार नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला तो दुसऱ्यांची पत्रे आपले म्हणणे छापत नव्हती म्हणून. कॅमेऱ्याचेही तेच आहे. रॉड्रिग्जने पहिला सिनेमा ‘एल मारियाची’ केला तो जेमतेम ७ हजार डॉलरमध्ये, आणि त्यासाठी औषधांच्या चाचणीत स्वतःचे शरीर देऊन पैसे उभे केले. आज आपल्या पोरांच्या हातात मोबाइल आहे. जयंतीच्या वर्गणीतला थोडा पैसा डीजेऐवजी याकडे वळवा. विहारात दर रविवारी मुलांना गोष्टी रचू द्या, चित्रित करू द्या आणि तेथेच सगळ्या वस्तीला दाखवा. मात्र एक अट घाला. गोष्टीतल्या नायकाने आपले पूर्ण नाव मोठ्याने सांगायचे.

जयभीम!