निरुपद्रवी भुकटीचा स्फोट

औषधाची गोळी हातात घेतली म्हणजे तिचे सारे वजन औषधाचेच असावे, असे आपणांस वाटते. वस्तुतः पुष्कळ गोळ्यांत औषध अगदी थोडे असते. गोळीला आकार यावा, ती घट्ट बसावी, यासाठी तिच्यात एक पांढरी, बेचव भुकटी मिसळलेली असते. बहुधा ही भुकटी म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेले सेल्युलोज. तिला वास नाही, ती विषारी नाही, तिने हात भाजत नाही. लहान मुलाच्या पोटात गेली तरी कोणी घाबरून जाऊ नये, इतकी ती निरुपद्रवी.

अशीच भुकटी तयार करणाऱ्या सिगाची इंडस्ट्रीज या कारखान्यात ३० जून २०२५ रोजी सकाळी स्फोट झाला आणि पन्नासाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. हा कारखाना हैदराबादच्या पश्चिमेस, संगारेड्डी जिल्ह्यातील पाशमैलारम औद्योगिक वसाहतीत होता. पहिल्या बातम्यांत ‘रिॲक्टर फुटला’ असे छापून आले. कंपनीने तसे नसल्याचे कळविले, आणि मग साऱ्यांचे लक्ष भुकटी वाळविण्याच्या यंत्राकडे वळले. तेलंगण सरकारने जी तज्ज्ञांची समिती नेमली, तिचे प्रमुखपद तारनाका येथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेच्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाकडे दिले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे सुरक्षा अधिकारीही तीत होते. तारनाक्याची ही संस्था मूळची निजामाच्या राजवटीतील. १९४४ साली हैदराबाद संस्थानची मध्यवर्ती प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली आणि आजचे नाव तिला १९८९ मध्ये मिळाले.

रासायनिक कारखान्यातील धोके ओळखावयास निघालेला माणूस आधी आम्लाच्या टाकीपाशी थांबतो, मग वायूच्या नळापाशी. भुकटीच्या पोत्यांवरून त्याची नजर सहज घसरून जाते. पहिल्या बातम्या ‘रिॲक्टर’ या शब्दाकडे धावल्या, त्याचेही कारण हेच. जे भयंकर दिसते तेच भयंकर असणार, असा आपला ग्रह.

भुकटी पेटते कशी? लाकडाचा ओंडका काडीने पेटत नाही. त्याच्या ढलप्या केल्या तर पेटतात, भुसा केला तर अधिक लवकर पेटतो. तोच भुसा मैद्यासारखा बारीक करून हवेत उधळला, तर प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि सारे कण जवळजवळ एकाच क्षणी जळतात. ही ज्वाला मोकळ्या अंगणात भपकन उठून विझेल. बंद यंत्रात किंवा खोलीत मात्र तापलेल्या वायूला जागा न मिळाल्याने दाब वाढतो आणि भिंती फुटतात. जळणारी पूड, हवा, ठिणगी, पुडीचा ढग आणि कोंडलेली जागा या पाच गोष्टी एकत्र आल्या की स्फोट होतो. साखर, गव्हाचे पीठ, हळद, दुधाची पावडर, कोळसा, ॲल्युमिनियम यांपैकी कशाचीही पूड त्यास पुरते.

हे ज्ञान काही नवे नव्हे. १४ डिसेंबर १७८५ रोजी इटलीतील ट्यूरिन शहरात एका पाववाल्याच्या कोठारात पिठाचा स्फोट झाला. एक मुलगा दिव्याच्या उजेडात पीठ ओढीत होता. वरचा ढीग एकाएकी ढासळला, पिठाचा ढग उठला आणि दिव्याने पेटला. काउंट मोरोझ्झो यांनी या प्रसंगाचा वृत्तांत लिहून ठेवला आणि पीठ नेहमीपेक्षा कोरडे होते हेही त्यात नमूद केले. वाळवणयंत्राचे तर कामच मुळी पूड कोरडी करण्याचे!

आता एक हिशेब पाहण्यासारखा आहे. कामाच्या दालनात एवढा दाट ढग तरंगत असेल तर माणसाला श्वासही घेता येणार नाही, मग तेथे स्फोट कसा होईल, अशी शंका येते. ती रास्त आहे. पहिला स्फोट बहुधा यंत्राच्या पोटात होतो. पण त्याच्या हादऱ्याने तुळयांवर, दिव्यांच्या छत्र्यांवर, नळांच्या पाठीवर महिनोन् महिने साचलेली धूळ उडते. पाच मीटर उंचीच्या दालनात जमिनीवर अवघा एक मिलिमीटर थर असला आणि तो सारा हवेत उडाला, तर दर घनमीटरला सुमारे शंभर ग्रॅम पूड होते. पुष्कळशा सेंद्रिय पुडींचा ढग त्याच्या निम्म्यानेही पेटू शकतो. मग दुसरा स्फोट होतो, आणि पुष्कळदा माणसे मरतात ती या दुसऱ्याने.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या पुडीच्या स्फोटात १४ कामगार गेले. आपल्याकडे साखर कारखान्यांची वाण नाही, म्हणून त्याची हकीकत महाराष्ट्राने मुद्दाम ध्यानात घ्यावी. तेथे साखर वाहून नेणारा पट्टा पूर्वी उघडा होता. साखरेत काही पडू नये म्हणून आदल्या वर्षी त्यावर पत्र्याचे आवरण घातले. हेतू चांगला, परंतु उडून जाणारी पूड आता आतच कोंडू लागली. सुधारणेनेच नवा धोका आणला, आणि बदल करताना तो कोणी पुन्हा तपासला नाही.

धोका आणि जोखीम हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. तपासणाऱ्याने ते वेगळे ठेवावेत. पुडीचा ज्वलनशील स्वभाव हा धोका. तो बदलत नाही. जोखीम मात्र ठिणगी पडण्याचा संभव किती आणि पडली तर हानी किती, यावरून ठरते. तपकीर चिमटीत धरावी एवढी पूड असली तर धोका आहे, जोखीम नाही. वाळवणयंत्राच्या शेजारी कचेरी आणि खाली माणसांची पाळी असेल, तर धोका तोच, पण जोखीम कैक पटींनी वाढली. यंत्र न बदलता माणसे दूर बसविल्यानेही ती घटते, आणि हा उपाय तुलनेने स्वस्तही आहे.

१९४८ च्या कारखाना अधिनियमातील ३७ व्या कलमात स्फोटक धुळीविषयी तरतूद होतीच: यंत्र बंदिस्त करावे, धूळ साचू देऊ नये, ठिणगीचे प्रत्येक कारण दूर ठेवावे. ठिणगीची कारणेही साधीच असतात. तेलाविना तापलेले बेअरिंग, दुरुस्तीसाठी लावलेले वेल्डिंग, जमिनीशी न जोडलेल्या पिंपात पोते रिकामे करताना साठलेली स्थिर वीज. स्फोट झालाच तर दाब सुरक्षित दिशेने निघून जावा म्हणून यंत्राला कमकुवत झडपा ठेवतात. तोंडावरचा रुमाल किंवा मुखवटा फुप्फुसाला वाचवितो. स्फोटापुढे त्याचा काही उपयोग नाही. आग विझविताना वापरलेले पाणी कोणत्या ओढ्याला मिळेल, हेही त्याच तपासणीत पाहावयाचे असते.

अशी तपासणी कचेरीत बसून तक्ते भरल्याने होत नाही. पुडीच्या मागोमाग चालत जावे लागते: पोते फोडण्यापासून पुन्हा पोते शिवण्यापर्यंत, दिवसपाळीत आणि रात्रपाळीतही. शिवाय झाडणाऱ्या माणसाला विचारावे लागते. पूड कोठे साचते, कोणत्या तुळईपर्यंत शिडी पोचत नाही, लवकर काम उरकावे म्हणून दाबाच्या हवेने धूळ कोण उडवितो, हे त्याला ठाऊक असते. कामावर कालच लागलेला, परप्रांतातून आलेला मजूर हे सांगणार नाही. त्याला विचारले तर तो ‘सब ठीक’ म्हणेल. त्याच्या भाषेत, मुकादम जवळ नसताना, विचारावे लागते.