समाजसेवेपासून थेट नाक्यापर्यंत

संस्था कशी उभी राहते हे समजून घ्यायचंय? मग मॅनेजमेंटची जाडजूड पुस्तकं राहू द्या, साधनाताई आमटे यांचं 'समिधा' उचला. त्यांचे पती बाबा आमटे यांचं नेतृत्व जगाला दिसलं. पण त्यांच्या आनंदवन या संस्थेतला रोजचा रामरगाडा कुणी ओढला, ते इथे कळतं. जोडीला डॉ. प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा' घ्या. १९७३ मध्ये सुरू झालेलं हेमलकसा गावातलं त्यांचं काम: वीज नाही, धड रस्ता नाही, आणि दवाखाना झाडाखाली.

आता एकदम दुसरं टोक. भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका', १९६५. मुंबईतला नाका, पोक्या आणि त्याची रिकामटेकडी टोळी. भाषा शिवराळ, पोरींकडे बघायची नजर तर काही ठिकाणी असह्य. आचार्य अत्र्यांनी या पुस्तकाला झोड झोड झोडपलं होतं. पण भाऊ आपल्या पात्रांना सुधारायला जात नाहीत, त्यांच्यावर पांघरूणही घालत नाहीत. मला तीच त्यांची ताकद वाटते. (घरात मोठ्यानं वाचू नका, एवढंच!)

याहून जळजळीत हवं असेल तर बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३चा कथासंग्रह. एका बैठकीत संपवायच्या भानगडीत पडू नका. दिवसाला एक कथा पुरे.