उंच पेल्यातलं दूध

माझी चार वर्षांची भाची वाटीतलं दूध हट्टाने अरुंद, उंच पेल्यात ओतायला लावते आणि खूश होऊन म्हणते, "आता जास्त झालं!" ओतताना तिने स्वतः पाहिलेलं असतं. आई मात्र काळजीत पडते, "हिला एवढंही कळू नये?"

या वयात हे अगदी स्वाभाविक आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांना नेमकं हेच करून दाखवलं होतं. सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं फक्त उंची पाहतात, पेल्याचा अरुंदपणा हिशेबात धरत नाहीत. परत ओतलं तर वाटी तेवढीच भरेल, हा उलटा विचारही त्यांना सुचत नाही. याला मंदपणा म्हणू नये.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे. पियाजेंनी सांगितलेले मुलांच्या विचारांच्या वाढीचे चार टप्पे एसटीच्या वेळापत्रकासारखे पाठ केले जातात, जणू सातवं लागेपर्यंत मुलाला तर्क करताच येत नाही. १९७०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांपुढे सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या आणि दोन्हींत सोंगट्या सारख्याच आहेत का, ते विचारलं. मोठ्या माणसाने एक रांग पसरवून पुन्हा विचारलं, तर बहुतेक मुलं चुकली. पण एका खट्याळ टेडीने येऊन तीच रांग विस्कटली, तेव्हा निम्म्याहून अधिक उत्तरं बरोबर आली! मोठ्यांनी मुद्दाम हात लावून तोच प्रश्न परत विचारला, म्हणजे उत्तर बदलायला हवं, असं मुलांना वाटत असावं. आपल्या वर्गातही बाईंनी "नक्की?" म्हटलं की मूल बरोबर उत्तर खोडतं. तिथे चुकतं ते विचारणं.

"तीन वर्षं गेली की मेंदूची वाढ संपली" ही भीतीही सोडून द्या. लहानपणी पेशींमधले दुवे भरमसाट तयार होतात, न वापरलेले पुढे छाटले जातात, आणि ती छाटणी वाढीचाच भाग असते. नियोजन आणि संयम सांभाळणारा कपाळामागचा भाग तर विशीतही घडत असतो. बाळाला मोझार्ट ऐकवून हुशार करण्याच्या दाव्यांचं मूळ १९९३च्या एका प्रयोगात आहे. त्यात एकही बाळ नव्हतं, कॉलेजचे विद्यार्थी होते, आणि परिणाम पंधरा मिनिटंही धड टिकला नाही.

काल भाचीला मी काही विचारलं नाही. "परत वाटीत ओत बरं," एवढंच म्हटलं. वाटी पूर्वीसारखीच काठोकाठ भरली. ती पेला उलटा धरून बराच वेळ आत पाहत राहिली.